सातव्या खाटेचा पडदा

जळीत विभागात तिला सगळे 'छळवादीण' म्हणत. तोंडावर नव्हे, पण भिंतींनाही कान असतात, तिथे तर नुसते पडदे होते. डॉक्टर गुंगी देत, नर्स पट्ट्या बांधत. ही फिजिओथेरपिस्ट मात्र यायची ती भाजलेल्या माणसाला उठवून बसवायला, हात वर करायला लावायला आणि खोल श्वास घ्यायला लावून रडवायला. शिव्यांचं तिला काही वाटत नसे. शिव्या देणाऱ्याचा दम शाबूत असतो, असं ती म्हणे.

सातव्या खाटेवर रंगाच्या कारखान्यातला तरुण होता. छाती आणि दोन्ही हात भाजलेले, त्यात फुप्फुसांत धूर गेलेला. उशाशी त्याची आई. छळवादिणीने तिला प्लॅस्टिकचं खेळण्यासारखं यंत्र दाखवलं : तीन कप्पे, तीन चेंडू, एक नळी.

"मावशी, नळीतून श्वास आत ओढायचा. दर तासाला दहा वेळा. चेंडू वर आले पाहिजेत. नाही ओढला तर छातीत कफ साचेल, मग कातडी बरी होऊन काय उपयोग?"

"अगं, त्याला नुसता खोकला आला तरी जीव कासावीस होतो."

"होऊ दे."

त्या दिवशी एक चेंडू जेमतेम हलला. पोरगा असा कळवळला की आईने स्वतःचंच मनगट चावलं.

दुसऱ्या दिवशी चार नवे रुग्ण आले. छळवादीण सहाव्या खाटेपाशी गुंतली होती. सातच्या पडद्याआडून आवाज आला : टक्, टक्, टक्. तिन्ही चेंडू वर जाऊन आपटले.

"शाब्बास रे वाघा!" ती तिथूनच ओरडली.

"करतोय हो, गुणाचा आहे!" आईचा आवाज आला.

काल एक हलत नव्हता, आज तिन्ही? तिच्या मनात पाल चुकचुकली. पण हात गुंतलेले होते, आणि खरं सांगायचं तर, एक तरी माणूस न रडता सुधारावा असं तिलाही वाटत होतं. दिवसभर टक्-टक् चालू राहिली. तिने पडदा काही सरकवला नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगा तापाने फणफणला. ओठ निळे पडले. एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस पांढरंफटक. धावपळ करून घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत निभावलं तर बघू."

आई बाहेर बाकावर बसली होती. ते यंत्र मांडीवर.

"मीच ओढत होते," ती म्हणाली. "त्याला जरा झोप लागावी म्हणून. बघ ना, माझे तिन्ही येतात."

छळवादिणीला राग आला, पण स्वतःचाच. पडदा हातभर अंतरावर होता.

"मला शंका आली होती, मावशी. मी बघायला आले नाही."

आईचं लक्षच नव्हतं. तिने हिचा हात घट्ट धरला.

"आता मी मध्ये पडणार नाही, पोरी. हवं तेवढं रडव त्याला. मी हूं की चूं करणार नाही."

छळवादीण आत गेली. नर्सच्या मदतीने तिने त्याला कुशीवर वळवलं आणि जखमा चुकवून, कफ सुटावा म्हणून पाठीवर थोपटू लागली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. घशात नळी होती, आवाज निघाला नाही. दाराबाहेर आई कान देऊन बसली होती, तो रडतोय का ते ऐकायला.