सहाची शिफ्ट

"गुडघ्यात वाक रे राकेश! पाठीत न्हाय!" काळूराम ओरडला.

राकेशने पन्नास किलो रेतीची गोणी अलगद खांद्यावर घेतली आणि गोदामामागच्या पटांगणाला फेरी मारली. त्याच्यामागे पाड्यावरची आणखी अकरा पोरं, सगळी अनवाणी. खुर्चीत बसलेले भाऊ चहा विसरून बघत होते.

दापोड्यातलं हे गोदाम भाऊंचं. इथे बावीस वर्षं माल उचलून काळूरामची पाठ गेली, तेव्हा त्यांनीच त्याला गेटवर वॉचमन म्हणून बसवलं. भिंतीआड ही पोरं नशा करून पडलेली असायची. काळूरामने त्यांना हुसकावलं नाही, रोज सकाळी पळायचा सराव करायला लावलं. भाऊंच्या मागे लागून पटांगण मिळवलं, नाक्यावरच्या डॉक्टरांकडून तपासणी, किराणावाल्याकडून चणे-गूळ. वजनं कोणी देईना, म्हणून गोण्या. आता पोलीस भरतीची मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. राकेश भरतीत निघणार याची काळूरामला खात्री होती. एवढी खात्री त्याला स्वतःच्या लग्नाचीही नव्हती.

आज भाऊंना बोलावलं होतं ते पोरांसाठी पळायचे बूट मागायला. आधी पोरांचा जोर दाखवायचा, मग मागायचं, असं त्याने ठरवलं होतं. पळून दाखवायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"काळूराम, कमाल केलीस!" भाऊ उठले. "माझ्याकडं हमाल टिकत न्हाय, आन् तू घरातच बारा तयार केलेस. सोमवारपासून सगळी कामाला. सकाळी सहाची शिफ्ट."

"भाऊ, भरतीचा सराव सहालाच असतो. मी तर बूट मागणार होतो..."

"बूट? कामावरच्यांना देतोच की!"

काळूरामने राकेशकडे पाहिलं. राकेश पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"आय एकटी कमावते, काका," तो म्हणाला. "भरतीचं काय, पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी म्हणता म्हणता पाठ कशी जाते, हे काळूरामला माहीत होतं. राग आला नाही, रडूही आलं नाही. आत काहीच हललं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

सोमवारी पावणेसहाला त्याने गेट उघडलं. बारा जोड नवेकोरे जड बूट वाजत आत गेले. मागच्या पटांगणात टेम्पो लागले होते.

राकेशने पहिली पेटी उचलली. गुडघ्यात वाकला, पाठ सरळ ठेवली आणि बरोबर जमलं का, म्हणून गेटकडे पाहिलं.

काळूरामने मान डोलावली.