लेंड्यांची गादी

नवी राज्यघटना लिहायला माणसं पाठवा, असा निरोप राजधानीहून आला, तेव्हा खोऱ्यानं एकमुखानं नवानचं नाव घेतलं. कारण त्याचा आवाज. तो डोंगराच्या अलीकडे शिंकला की पलीकडच्या उंटिणी दचकून पान्हा चोरायच्या.

योन्दोन हा त्याचा मानलेला थोरला भाऊ. त्यानं आपला काळा घोडा दिला. त्याच्या बायकोनं, पाग्मानं, वाटेसाठी सुकं मांस बांधलं.

"तिथं बोलू काय, दादा?"

"गवत कुणाच्या बापाचं नाही, हे बोल. गवत विकायला निघालं की आपण मेंढरं आभाळात चारायची." योन्दोननं खोगिराचा पट्टा आवळला. "हिवाळ्याचा आडोसा मात्र माणसाच्या नावावर होऊ दे. उन्हाळ्यात आपण लांब असतो. राज्य बदलतंय, उद्या कुणी घुसलं तर?"

"दोन्ही बोलतो. माझी जीभ तुझीच समज."

योन्दोनचा आडोसा म्हणजे दगडी भिंतींच्या आत पणजोबापासून तुडवली गेलेली लेंड्यांची गादी. बाहेर थुंकी गोठून टणकन पडायची, तेव्हा आत मेंढरांना घाम फुटायचा. एका मेंढीच्या सडातून तिथं थेट दहीच निघालं होतं, असं योन्दोन शपथेवर सांगायचा.

तो हिवाळाभर अख्खं खोरं त्याच्या तंबूत रेडिओला कान लावून बसलं. सभेत कुणी म्हणे जमीन विका, व्यापार येईल. कुणी म्हणे विकाल तर देश जाईल. शेवटी नवान उठला. "माझ्या थोरल्या भावानं मला शिकवलंय," अशी त्यानं सुरुवात केली आणि योन्दोनचे डोळे भरून आले. गवत सगळ्यांचं ठरलं. मागाहून आडोसेही ज्याच्या त्याच्या नावावर करून मिळू लागले. योन्दोननं मेंढा कापला.

उन्हाळ्यात कळप दूर न्यायचा, तर आडोशाच्या मधोमध फुटकी कढई उपडी घालून जायची, ही खोऱ्याची रीत. कढई दिसली की समजायचं, मालक परत येणार. त्या वर्षी योन्दोननं कढई उचलून गाडीत टाकली.

"राहू दे की ती," पाग्मा म्हणाली. "आणि निघण्याआधी कचेरीत जाऊन नाव तरी घालून या."

"आता अख्खी घटना राखणीला बसलीये, कढई कशाला? आणि नावाचं नवान बघेल. भाऊ आहे तो."

शरदात ती दोघं परतली, तेव्हा आडोशातून धूर निघत होता. गादीवर नवानची मेंढरं पाय पोटाशी घेऊन रवंथ करत होती. काळा घोडा खांबाला बांधलेला होता. सभेच्या हवेनं तोही पुढारी झाला असावा. त्यानं जुन्या मालकाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

नवाननं आत बोलावून खारट चहा दिला. दोन्ही हातांनी, अगदी रीतीनं.

"जागा माझी आहे," योन्दोन म्हणाला.

"मोकळी दिसली, दादा. कढईसुद्धा नव्हती."

"तुझ्यावर भरवसा होता म्हणून नव्हती."

"मग कचेरीत नाव घालायचंस. मी घातलं." नवान चहावर फुंकर मारत राहिला. "गवताला मी अडवतोय का? दारासमोर मेंढरं चार, पोटभर चार. घटनेतच आहे तसं."

"आणि रात्री?"

"रात्रीचं घटनेत काही नाही."

पाग्मानं वाटी तशीच खाली ठेवली. "दहा वर्षं माझ्या हातचं जेवलास, भाऊजी. निदान जातिवंत लांडगा तरी व्हायचंस, लांबून ओळखू आला असतास."

नवान हसला नाही, चिडलाही नाही. सभेत तो ऐकून घ्यायला शिकला होता.

योन्दोननं तंबू उघड्या उतारावर ठोकला. दिवसा त्याची मेंढरं सगळ्यांच्या गवतात चरत आणि अंधार पडला की वाऱ्यात एकमेकांच्या पोटाखाली शिरू बघत. हिवाळा कडक झाला तशी रोज सकाळी काही उठत नसत. तो त्यांना पाय धरून ओढत नेई आणि वरून नवानच्या धुराकडे बघायचं टाळी.

घटनेच्या वाढदिवशी रेडिओवर जुनी भाषणं लागली. "माझ्या थोरल्या भावानं मला शिकवलंय," तंबूत आवाज घुमला.

पाग्मानं बटणाकडे हात नेला.

"राहू दे," योन्दोन म्हणाला. "माझंच बोलतोय तो."

बाहेर मेंढरं ओरडायची थांबली होती. तो कंदील घेऊन उठला.