शिल्लक पाणी

नियम बदलला की आमच्या कचेरीत सगळ्यांना एकदम घाई सुटते. यंदा ठरलं, की जिथे तीन मजल्यांची परवानगी होती तिथे आता नऊ मजले बांधता येतील. नऊ मजल्यांवर माणसं राहणार, म्हणजे ती पाणी पिणार, पोरं शाळेत घालणार, रस्त्यावर गाड्या लावणार. हा खर्च गावाने एकट्याने का सोसायचा? म्हणून बिल्डरने त्यात वाटा द्यायचा, आणि तो किती हे मी काढायचं. काम साधं दिसतं. साध्या दिसणाऱ्या कामांचा मला मनापासून राग आहे.

पाण्याचा वाटा काढायची आमची रीत अशी: गल्लीच्या पाइपातून किती पाणी जाऊ शकतं ते घ्यायचं, त्यातून घराघरांच्या मीटरवर दिसणारा वापर वजा करायचा. उरेल ते 'शिल्लक पाणी'. शिल्लक भरपूर असेल तर नवी टाकी नको, पंप नको, आणि बिल्डरकडून पाण्यासाठी छदामही नको. चढावरच्या एका गल्लीत एका बिल्डरला नऊ मजले बांधायचे होते; तिथे शिल्लक इतकी निघाली की साहेब खूश झाले.

"एवढी काटकसरी माणसं मी पाहिली नाहीत," म्हणाले.

काटकसर कसली डोंबलाची. त्या गल्लीच्या टोकाला माझा सख्खा मोठा भाऊ राहतो. तिथे नळ सोडला की तो आधी खोकतो, मग थुंकल्यासारखं पाणी येतं. वहिनी पहाटे उठून पिंपं भरत बसते. पाणी येत नाही म्हणून मीटर फिरत नाही, आणि मीटर फिरत नाही म्हणून आमच्या कागदावर ते शिल्लक. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढं साधं आमच्या रीतीला कळत नाही.

मी साहेबांना सांगितलं, भाऊ तिथे राहतो, हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

"दुसरं आहे कोण?" ते म्हणाले. "आणि नाती बघत बसलो तर कचेरीला कुलूप लावावं लागेल."

नुसता राहत असता तर एक वेळ चाललं असतं. दादा ते घर याच बिल्डरला विकणार होता. त्याचे गुडघे गेलेत, जिना भिंत धरून उतरतो. लिफ्ट असलेल्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा त्याने हेरून ठेवली होती. बिल्डरने मात्र आधीच बजावलं होतं, कचेरीला जो वाटा द्यावा लागेल तो तुमच्या किमतीतून कापीन.

रविवारी मी दाब मोजायचा काटा घेऊन त्याच्याकडे गेले.

"ठमे, आज हत्यारं घेऊन आलीस?" दादा हसला. तो मला अजून ठमीच म्हणतो.

"नळाचा दाब घ्यायचाय. टोकाचा नळ तुझाच."

त्याचं हसू गेलं. "मी तुला खोटं लिही म्हणतोय का? कागदावर आहे तेवढंच लिही."

"कागदावर पाणी आहे. नळाला कुठे आहे?"

"ते मला शिकवू नकोस. आम्ही जातोय ना इथून."

"बाकीचे कुठे जातायत? नऊ मजले उभे राहिले की त्यांना थेंबही मिळायचा नाही."

"बाकीच्यांनी माझे गुडघे पाहिलेत?"

मला फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला. तेव्हा पिंपांपाशी बसलेली वहिनी उठली आणि नळापुढची बादली तिने बाजूला सरकवली.

"मोजून घ्या, वन्सं. उद्या तुम्हीच म्हणाल, घरच्यांनी अडवलं."

काटा जेमतेम हलला. सोमवारी मी टाकी आणि पंप दोन्हींचा खर्च बिल्डरच्या वाट्यात धरला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मोजलेला आकडा समोर होता, सही करावीच लागली.

बिल्डरनेही हिशेब केला आणि सरळ उताराकडच्या गल्लीत जागा घेतली. तिथे पाणी धो धो येतं.

"सुंठीवाचून खोकला गेला," साहेब म्हणाले. "फाइल बंद करा."

पुढच्या रविवारी पाय ओढत दादाकडे गेले. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझा आकडा बरोबरच होता, ठमे," तो म्हणाला. "शेजारीपाजारीही मी तेच सांगितलं. फक्त एक सांग. बिल्डर गेला, त्याच्याबरोबर त्याचा वाटा गेला. मग आता टाकी कोण बांधणार?"

नव्या बांधकामाशिवाय नवी टाकी नाही, हे नियमात लिहिलेलं होतं आणि मला ते तोंडपाठ होतं.

वहिनी दारात आली. "जेवणार असाल तर आत्ताच सांगा, वन्सं. भांड्यांचं पाणी त्या बेताने ठेवते."

मी नको म्हणाले.