जोयानाची गंजी

वेतुरियाने तीस वर्षं क्लूज शहरातल्या कारखान्यात कोट शिवले आणि निवृत्त झाल्यावर वारलेल्या मामाच्या डोंगरातल्या घरी येऊन राहिली. चीज करणं जमलं, कोबी खारवणं जमलं. गवत कापणं तेवढं जमेना, आणि गाय राहणार की जाणार हे नेमकं त्यावरच होतं.

गाय शेजारच्या इलारीची. गुरुवारी, तिकडच्या भाषेत 'जोय'ला, जन्मली म्हणून नाव जोयाना. गुडघे दुखतात म्हणून त्याने ती वेतुरियाला दिली, पण अट घालून: संत इलियेच्या सणापर्यंत हिवाळ्यापुरती सुक्या गवताची गंजी उभी राहिली तर गाय तुझी, नाहीतर मी दावं घेऊन येतो. शहरातली बाई मुकं जनावर उपाशी मारणार, अशी त्याची खात्रीच होती म्हणा ना. वेतुरियाचा मात्र जोयानावर जीव जडला होता.

सण बारा दिवसांवर आला. मामाचा लांब दांड्याचा विळा गवत कापायचं सोडून नुसतं लोळवत होता. गवतच चिवट आहे, असं ती पुटपुटली. कुंपणापलीकडून इलारी म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, बाई."

ती चिडली आणि पातं सरळ विजेच्या ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या उडाल्या, पातं तापून निळं पडलं, धार दहा पावलांत गेली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! बांधावर बसून ती चक्क रडली.

इलारीच्या बायकोला, सवेताला, ते बघवेना. ती एक जुनं पातं, हातोडी आणि ओंडक्यात बसवलेली मुठीएवढी ऐरण घेऊन आली. पातं गार असतानाच ठोकून कड पातळ करायची, धारेचा दगड नंतर, असं तिने करून दाखवलं. प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा चढला पाहिजे, नाहीतर कड मुरडते.

"ही तर शिवणातली उलटी टीपच की, वहिनी," वेतुरिया म्हणाली.

"तेच तर. आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत जमलं नाही. पातं ठोकते मी, मिरवतात हे. आता मला कड दिसत नाही, ते ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

मग रोज संध्याकाळी वेतुरिया स्वतः पातं ठोकायची आणि पहाटे, दव असेपर्यंत, कापत सुटायची. ऊन चढलं की गवत उलथायची, वाळलं की गंजीवर चढवायची.

सणाच्या सकाळी इलारी दावं घेऊन हजर. गंजीभोवती दोनदा फिरला, कोपरापर्यंत हात खुपसून ओल आहे का ते बघितलं. दारातल्या पात्यावरून अंगठा फिरवला. गंजी डावीकडे कलली आहे, एवढं बोलून दावं कुंपणावर टाकलं आणि चालता झाला. वेतुरिया जाऊन जोयानाजवळ उभी राहिली.

थोड्या वेळाने तो परत आला तो स्वतःचा विळा खांद्यावर घेऊन.

"सवेताला म्हणे आता दिसत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ठोकून देशील? गावात बोलू नकोस मात्र."

"देईन की. पण ते दावं न्या आधी."

"ते कशाला नेऊ?" इलारी म्हणाला. "गाय दिली की दावंही द्यायचं असतं."