गणूचे अकरा, झकेरियाचे दोन

मी जाळी बोलतेय. फुटबॉलच्या गोलाला बांधतात ती. पनवेलच्या खाडीकडच्या मैदानावर मी बारा वर्षं चेंडू झेलले, आणि त्या एवढ्याशा चामडी गोळ्यावर माणसं किती जीव टाकतात ते अगदी जवळून पाहिलं.

माझा जन्म एका भांडणातून झाला. ही १९५४ सालची गोष्ट. तेव्हा मैदानावर दोन वासे आणि वर आडवा बांबू, एवढाच काय तो गोल. पेणच्या संघाबरोबरच्या सामन्यात चेंडू वाशाला चाटून गेला. आतून की बाहेरून? आमचे म्हणाले आतून, पेणचे म्हणाले बाहेरून. बोलाचालीवरून प्रकरण गचांडी धरण्यावर गेलं, आणि सोडवायला मध्ये पडलेल्या इझिकेल रोहेकरांचा चष्मा फुटला.

इझिकेलभाऊ पोस्टात कारकून. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, पन्नाशीला टेकलेले, बोलायला मऊ. संघाची निवड तेच करायचे आणि चेंडूत हवाही तेच भरायचे. दुसऱ्या दिवशी तसाच तडकलेला चष्मा नाकावर ठेवून ते कोळीवाड्यात गुणाबाईच्या दारात उभे राहिले. जाळी विणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"काय धरनार तुमी या जाल्यात?" गुणाबाईनं विचारलं.

"चेंडू."

"केवडा?"

भाऊंनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. गुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. "यवडा? मंग जालं कशाला? टोपलीत घ्या की!"

तरी तिनं मला विणलं. बांबूची सुई, हाताचं वळलेलं सूत आणि गाठीमागून गाठ. माझी एक जुळी बहीण समोरच्या गोलासाठी विणली. मग आम्हा दोघींना झाडाच्या सालीच्या उकळत्या काढ्यात बुडवून लाल केलं. त्या दिवसापासून 'आतून की बाहेरून' हे भांडण मिटलं. पुढं त्याहून अवघड भांडण यायचं होतं, हे मला काय ठाऊक!

गुणाबाईचा मुलगा गणू. रंगानं काळा, खांद्यानं रुंद, आणि अनवाणी खेळणारा. वल्ही मारून कमावलेलं अंग. दर रविवारी मला वाशांना बांधायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. "आयेचं जालं हाय, दुसऱ्याला गाठ मारता येनार नाय," असं म्हणायचा. त्याचा फटका मी डोळे मिटून ओळखायची. इतरांचे चेंडू मला येऊन टेकत. गणूचा चेंडू आला की मी वाशापासून वाशापर्यंत थरारून जायची. खरं सांगते, माझा त्याच्यावर जीव होता. सामना सुरू झाला की मी त्याचीच वाट बघायची.

मैदानाचाही जीव त्याच्यावरच होता. ५८ साली ढालीचे सामने सुरू झाले, तेव्हा गणू संघाचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला मधला गडी. नऊ सामन्यांत त्यानं अकरा गोल केले. हमाल, टांगेवाले, शाळेतले मास्तर, सगळ्यांच्या तोंडी एकच, गणूचे अकरा!

पण गणू दर रविवारी नसे. उधाणाच्या दिवसांत होड्या मासेमारीला जात, आणि पोटापुढे चेंडू कसला? अशा सहा सामन्यांत त्याच्या जागी झकेरिया खेळला. झकेरिया म्हणजे इझिकेलभाऊंच्या बहिणीचा, सिप्पोराबाईंचा मुलगा. एका दवाखान्यात कंपाउंडर होता. पोरगा सडपातळ, पायात वडिलांचे दोन मापं मोठे बूट. त्याचे गोल सहा सामन्यांत दोन. त्यातलाही एक गुडघ्याला लागून गेलेला. मला तर तो आवडतच नसे. गोलापाशी यायचा आणि चेंडू दुसऱ्यालाच देऊन टाकायचा. मी आपली ताणून उभी!

पनवेल अंतिम सामन्यात पोचलं. समोर अलिबागचा संघ. त्या रविवारी उधाण नव्हतं, म्हणजे गणू मोकळा होता. जागा एक आणि गडी दोन.

आदल्या शुक्रवारी दुपारी गुणाबाईनं मला सांधायला मैदानात आणून वाशांवर टांगलं. गणूच्याच एका फटक्यानं माझा कोपरा उसवला होता. इझिकेलभाऊही तिथेच माझ्यामागे खोक्यावर बसले होते, मांडीवर वही. त्यांची ती वही सगळ्या गावाला माहीत होती. प्रत्येक सामन्यात कोण खेळलं आणि गोल कुणी केले, सगळं त्यात.

"मंग परवा मदी कोन?" गुणाबाईनं सुई न थांबवता विचारलं.

"विचारायचं काय त्यात? तुमचा गणू. नऊ सामन्यांत अकरा."

मला वाटलं, आई हरखेल. तिनं एक गाठ मारली, दुसरी मारली. मग म्हणाली, "भाऊ, मला तुमच्या खेलातला काय कलत नाय. पन चार वर्सं मी हिथं मागं बसून जालं शिवते, तवा दिसतं त्ये दिसतं. गनू आला का बाकीचे चालतात. झकेरिया आला का बाकीचे धावतात."

भाऊंनी मान वर केली.

"माजा नवरा जन्मभर होडीच्या कडंला उभा राहून काठीनं पानी बडवायचा. मासा जाल्याकडं हाकलायचा. धरनारे दुसरेच. कुनी त्याचं नाव घेतला नाय. तो गेला, आनि त्या वर्षी कुनाच्याच जाल्यात मासा नाय. तवा लोकांना त्याची सय झाली."

"गुणाबाई, तो तुमचा मुलगा आहे."

"म्हनूनच सांगते. दुसऱ्याच्या पोराचं मी कशाला बोलू?"

भाऊंनी वही पुन्हा उघडली. सूर्य कलायला लागला होता. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागे आणि मग ते पेन्सिलीला हात लावत नसत, त्यामुळे जे काय मोजायचं ते तेवढ्यातच. ते पुटपुटत मोजत होते आणि मी ऐकत होते. गणू खेळला ते नऊ सामने. संघाचे सगळे मिळून गोल तेरा. त्यातले गणूचे अकरा, बाकी सगळ्यांचे मिळून दोन. झकेरिया खेळला ते सहा सामने. संघाचे गोल पंधरा. झकेरियाचे दोन, बाकीच्यांचे तेरा.

भाऊ थबकले. मग त्यांना शंका आली. उधाणाच्या दिवशी उरणच्या संघातलेही कोळी गडी होडीवर असणार, समोरचा संघच लंगडा! म्हणून त्यांनी उरणविरुद्धचे दोन्ही सामने खोडले. उरले चार, आणि त्यांत गोल नऊ. तरीही झकेरियाचंच पारडं जड.

"आता पंचाईत," ते स्वतःशीच म्हणाले. "वही माझ्या भाच्याकडे बोट दाखवतेय. लोक काय म्हणतील?"

"म्हननारे म्हनतीलच," गुणाबाईनं दातांनी सूत तोडलं. "माज्या घरात तर आज चूलबी बोलनार नाय माज्याशी."

मला तेव्हा गुणाबाईचा राग आला होता. पोटच्या पोराला कुणी असं मागं ओढतं का? पण एरवी न बघता मारायची ती गाठ त्या दिवशी तिनं तीनदा सोडून पुन्हा मारली, हेही मला कळलं होतं.

रविवारी सकाळी गणू मला बांधत असताना भाऊ आले.

"गणू, आज सेंटरला झकेरिया. तू त्याच्या डावीकडे खेळ."

गणूचे हात दोरीवरच थांबले. "अकरा गोल कुनी मारले, भाऊ?"

"तूच."

"झकेरियानं?"

"दोन."

"मंग? भाचा हाय म्हनून?"

भाऊंचा चेहरा उतरला. "भाचा आहे म्हणून तर दोन रात्री डोळा लागला नाही, बाबा. ही वही बघ."

"वही तुमची. तुमी लिवाल त्येच त्यात दिसनार. कुनी भरवलं ह्ये तुमाला?"

भाऊंनी वही मिटली. त्यांनी नाव घेतलं नाही. पण मासळीची पाटी उतरवून गुणाबाई मागेच उभी होती. "मी सांगितलं," ती म्हणाली.

गणूनं आईकडे पाहिलं. अर्धी बांधलेली दोरी तशीच सोडली आणि खाडीच्या वाटेनं निघून गेला. उरलेल्या गाठी भाऊंनी मारल्या, पोस्टातल्या पार्सलाला मारतात तशा. डावीकडे गणूच्या जागी दिनानाथ शिंप्याला घेतलं.

सामना सुरू झाला तेव्हा लोक ओरडत होते, "गणू कुठंय? मामानं भाच्याला आणला!" झकेरियाच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला एवढ्या लांबून दिसत होत्या. पहिल्या डावात अलिबागनं एक गोल चढवला.

दुसऱ्या डावात आमचा संघ माझ्या दिशेनं खेळू लागला. आणि माझ्यामागे कुणीतरी येऊन बसलं. चार बोटं माझ्या घरांत अडकली. बोटं ओळखीची होती. गणू परत आला होता.

आधी तो नुसता बघत होता. झकेरिया चेंडू घेऊन उजवीकडे सरकला की अलिबागचे दोन गडी त्याच्यामागे ओढले जायचे, आणि डावीकडे अख्खं मैदान मोकळं पडायचं. एकदा, दोनदा, तीनदा तेच. गणूची बोटं माझ्यात घट्ट होत गेली. "आरं, मोकलं हाय, मोकलं!" तो न राहवून ओरडला. त्याच मोकळ्या जागेतून दिनानाथ आला आणि चेंडू माझ्यात. थोड्या वेळानं त्याच वाटेनं दुसरा. अलिबागनं शेवटी बरोबरी साधली, दोन-दोन. झकेरियाच्या नावावर भोपळा. सामना पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचा ठरला.

लोक पांगल्यावर गणू भाऊंपाशी आला. खाली बघत म्हणाला, "भाऊ, मी मदी असतो तवा ती मोकली जागा मला दिसतच नाय. मीच तिथं हुभा असतो. पुडच्या रविवारी डावीकडं खेलतो."

"पुढच्या रविवारी उधाण आहे, गणू."

"होडी तुलशीरामकडं देतो." तुळशीराम त्याचा चुलतभाऊ. "आनि आयेला तुमी सांगा. मी आठ दिस तिच्याशी बोललो नाय तं मलाच जेवान गोड लागनार नाय."

"आईला मी काय सांगू? ती बघ, तिकडे उभी आहे."

गणू गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. गुणाबाईनं रिकामी पाटी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दोघं घराकडे चालू लागली, एवढं दिसलं.

पुढच्या रविवारी पनवेल जिंकलं, दोन-एक. त्यातला शेवटचा गोल मी जन्मात विसरणार नाही. झकेरियाकडून चेंडू गणूच्या पायात आला. गोल समोर, अंतर पंधरा पावलं. त्याचा फटका कुठे येणार हे मला ठाऊक, म्हणून मी उजव्या कोपऱ्यात ताठ झाले. अलिबागचा गोलकीपरही तिकडेच झेपावला. आणि गणूनं चेंडू हळूच डावीकडे ढकलला, एकट्या उभ्या असलेल्या दिनानाथकडे. दिनानाथनं तो रिकाम्या गोलात आणून सोडला. मीच फसले! सगळे दिनानाथला उचलायला धावले. झकेरिया मात्र गणूकडे धावला, आणि ढगळ बुटात अडखळून त्याच्या अंगावरच पडला.

भाऊंच्या वहीत असा गोल लिहायला रकाना नव्हता. त्यांनी पट्टी न घेता, वाकडीतिकडी एक नवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दिलेले'.

पुढची पाच वर्षं ते दोघं शेजारी शेजारी खेळली. मग बेने इस्राएली घरं एकेक करून इस्रायलला जाऊ लागली. ६३ साली सिप्पोराबाईंनीही सामान बांधलं. इझिकेलभाऊंनी पनवेल सोडायला साफ नकार दिला. "प्रार्थनेला दहा माणसं लागतात. सगळेच गेलो तर मागे कोण?" असं ते म्हणाले.

झकेरियाच्या ट्रंका गणूनं आपल्या होडीतून मुंबईला नेल्या. त्या हलू नयेत म्हणून वरून मला आवळलं होतं. म्हणून तो निरोप मला ऐकता आला. धक्क्यावर सामान उतरवून झाल्यावर दोघं बराच वेळ उगाच दोर गुंडाळत उभे होते.

"तिकडं खेलशील ना?" गणूनं विचारलं.

"घेतलं तर. विचारतील, तुझे गोल किती? काय सांगू?"

"माजे सांग," गणू म्हणाला. "तूच दिलेत."

झकेरिया वळून चालू लागला. गणूनं मला छातीशी धरून होडीत टाकलं. माझी एक बाजू ओली झाली होती. ते पाणी खाडीचं होतं असं तो तुळशीरामला म्हणाला.

आता ६६ साल चालू आहे. माझं अर्धं अंग कुजलंय. गुडघे दुखतात म्हणून गणू खेळत नाही, पण पनवेलजवळच्या कोन गावच्या मंडळींनी नवा संघ काढलाय आणि निवडीला ते त्यालाच बोलावतात. परवा त्यांचा कप्तान गणूच्या अंगणात येऊन फुशारक्या मारत होता, अमक्याचे इतके गोल, तमक्याचे तितके. गणूनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो नसला, तवा तुमी कसे खेलता?" कप्तान डोकं खाजवत बसला.

म्हातारी गुणाबाई माझा धड राहिलेला भाग कापून नव्या नायलॉनला जोडतेय. नायलॉन गुळगुळीत, गाठ निसटते. म्हणून ती प्रत्येक गाठ दोनदा मारतेय. उद्या मला कोनच्या मैदानावर बांधतील.

कधी त्या बाजूला आलात तर थोडं थांबा. गोल झाला की सगळे मारणाऱ्याला उचलायला धावतील. धावू द्या. तुम्ही मात्र जरा मागं बघा. तिथं एकजण गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा असेल. त्याला पाणी द्या.