साडेसातशे शब्दांचा प्रश्न

मी एक प्रश्न बोलतोय. प्रश्नोत्तरांच्या एका फोरमवर, फारसं कुणी उघडत नाही अशा पानावर पडून आहे. दमलोय, पण सांगतो.

माझा जन्म घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान थोरल्या भावाचं. त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात महिन्याभरात सावरला, वाचा मात्र गेली. कळायचं सगळं, शब्द फुटत नव्हता. त्याची धाकटी बहीण कामावरून येऊन काउंटरशी बसायची आणि मोबाइलवर मला लिहायची. भाऊ किती बडबड्या होता, गिऱ्हाइकाला गप्पांत कसा अडकवायचा, आता शब्द अडला की भिंतीकडे तोंड कसं करतो, सगळं तिने माझ्यात भरलं. आणि शेवटी, "याला बोलतं कसं करू?"

फोरमवर पाऊल ठेवलं आणि माझे हाल सुरू झाले. "प्रश्न आहे की कादंबरी?" एकाने लिहिलं. दुसरा म्हणाला, "ताई, मुद्द्याचं बोला." वाचलं कुणीच नव्हतं.

बहिणीने मुकाट्याने मला कापायला घेतलं. गिऱ्हाइकं गेली, भिंत गेली. उरलो चौदा शब्द: "पक्षाघातानंतर भावाची वाचा गेली आहे, समजतं सगळं. त्याला बोलतं करण्यासाठी घरी काय करता येईल?"

आता म्हणे माहिती अपुरी. वय काय, किती महिने झाले, डॉक्टरांना दाखवलं का. शेवटी मॉडरेटरने 'प्रश्न मोघम आहे' असा शेरा मारून उत्तरं बंद केली. खाली प्रतिक्रिया तेवढ्या लिहिता येत होत्या.

"जाऊ दे दादा," बहीण म्हणाली, "कुणाला वेळ नाही." भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने एक निवृत्त स्पीच थेरपिस्ट बाई आल्या. माझी जुनी आवृत्ती तिथेच जपलेली असते, हे फार थोड्यांना ठाऊक. त्यांनी ती उघडली, दोनदा वाचली आणि लिहिलं, "घड्याळ जुळवताना ते गाणं गुणगुणतात, असं तुम्ही आधी लिहिलं होतं. शब्दांसकट?"

"हो, शब्दांसकट. आम्ही लक्षच दिलं नाही."

"मग रोजची वाक्यं चालीवर म्हणायला लावा. हाताने ठेका धरून. जवळच्या थेरपिस्टकडेही न्या. वेळ लागेल, कंटाळू नका."

गुणगुणण्याचं ते वाक्य माझ्याच पोटात होतं. चाळिसाव्या ओळीत. त्याचं मोल मलाही कळलं नव्हतं, तर कापणारीला काय बोल लावू?

चार महिन्यांनी बहीण परत आली. तिने लिहिलं, "काल एक बाई घड्याळ न्यायला आल्या. मी काढून देणार, तोच दादा चालीवर म्हणाला, 'उद्या या.' घड्याळ तयार होतं हो. त्याला फक्त म्हणायचं होतं."

त्यानंतर ती आली नाही. येण्याचं कारणही उरलं नसेल.

माझ्यावरचा शेरा अजून तसाच आहे. प्रश्न किती लांब असावा यावर शेजारच्या पानावर अजून भांडणं चालतात. मला त्यात पडायचं त्राण नाही. कुणी दुखावलेलं माणूस लांबलचक लिहून आलं, तर त्याला कात्री देण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा, एवढंच. आता मला पडू द्या.