सात ते साडेसात

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी साखळी प्रार्थना असते. आजाऱ्यांसाठी एकाने आपल्या घरी अर्धा तास बसायचं, मग पुढच्याने. माझी वेळ सात ते साडेसात. माझ्यानंतर दापोडीच्या रूथमावशी.

मी स्तोत्र वाचायला फोन उघडायचो आणि साडेसातला क्रिकेटच्या रील्समधून बाहेर यायचो. एका बुधवारी स्वतःचाच इतका संताप आला की मावशींना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याच वेळेत तुझे जोक मंडळीच्या ग्रुपवर येतात, सून वाचून दाखवते. म्हणून तीन महिने मीच सातला बसते."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाकणला कंपनीच्या गेटवर मी रोज मुकाट्याने फोन जमा करतो, आठ तास काही बिघडत नाही. आणि देवासाठी अर्धा तास जमत नव्हता! पुढच्या बुधवारी फोन सायलेंट करून गव्हाच्या डब्यात टाकला आणि आईचं जुनं बायबल घेऊन बसलो. आधी हात सारखा खिशाकडे जात होता. मग एकेका आजाऱ्याचं नाव घेत गेलो, तसं छातीवरचं ओझं उतरत गेलं.

साडेसातला डबा उघडला, तर मावशींचा सात वाजून पाच मिनिटांचा मिस्ड कॉल. घाबरून फोन लावला.

"उचलला का नाहीस?"

"प्रार्थनेत होतो, मावशी."

"तेच बघत होते. तीन महिन्यांनी आज सातचा चहा गरम प्यायले. ठेव आता, माझी वेळ झाली."